माझ्या वाट्याला म्हैस आली

माझं बोलणं गेलं तेव्हा वालूरमध्ये काही लोकांना मनातून बरं वाटलं असणार. मी त्यांना दोष देत नाही. पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि एक पळी घ्यायला आलेल्या माणसाला मी कधी एका पळीवर घरी जाऊ दिलेलं नाही. पळीवरून मी कढईवर यायचो, कढईवरून त्याच्या मुलीच्या लग्नावर, लग्नावरून आंदणाच्या भांड्यांवर. मुलगी अजून तिसरीत आहे असं तो बिचारा सांगत असायचा, पण तोवर भांड्यांवर कोणतं नाव घालायचं हे माझं विचारून झालेलं असायचं. तीस-पस्तीस वर्षं मी जिभेच्या जोरावर पोट भरलं, आणि नेमकी तीच बसली.

हे लिहायला मला चार महिने लागले. उजवा हात अजून पुरता ऐकत नाही आणि शब्द मध्येच दडी मारतात. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी वाचावं, एवढ्यासाठी लिहिलं. औषधांची नावं लिहीत नाही, ती डॉक्टर सांगतील.

पातेलं

त्या दिवशी सकाळी मी अंघोळीला बसलो आणि बायकोला टॉवेल मागितला. माझ्या कानाला तरी मी टॉवेलच मागितला. कमलनं दाराच्या फटीतून पातेलं आत सरकवलं.

हे कशाला, टॉवेल दे, असं मी म्हणालो. ती गेली आणि त्याहून मोठं पातेलं घेऊन आली. माझा आवाज चढला. या बाईला झालंय तरी काय, असं मला वाटत होतं, आणि तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. तिसऱ्या वेळी लग्नातला भात शिजवायचं पातेलं, जे उचलायला दोन माणसं लागतात, ते तिनं एकटीनं फरफटत न्हाणीपर्यंत आणलं आणि म्हणाली, "याच्याहून मोठं घरात न्हाई. दुकानातून आणावं लागंल."

मी तसाच ओल्या अंगानं पंचा गुंडाळून बाहेर आलो. सून ज्योती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ती डबा भरत होती. माझ्याकडं बघून तिचा हात थांबला. माझं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं मला दोन्ही हात वर करायला सांगितले. ही आता शाळेतली कवायत माझ्याकडून करून घेतेय, असं म्हणून मी केले. डावा गेला. उजवा अर्ध्यात जाऊन खाली पडला, जणू दुसऱ्याचाच होता.

ज्योतीनं माझ्या मुलाला, विजयला, जीप आणायला पळवलं. कमल म्हणाली, आधी दृष्ट काढते. अकरा वर्षांत ज्योतीनं सासूपुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, फक्त म्हणाली, "आई, मीठ-मोहऱ्या जीपमध्ये काढा. आधी बसा."

आणि कमलनं खरंच जीपमध्ये दृष्ट काढली. सेलू येईपर्यंत ती माझ्यावरून मूठ फिरवत होती आणि प्रत्येक खड्ड्याला थोड्या मोहऱ्या ड्रायव्हरच्या कॉलरमध्ये जात होत्या.

महाराज

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. वेळेत आणलं म्हणून हात-पाय बऱ्यापैकी वाचले, पण बोलण्याच्या जागेला मार बसलाय. आमच्याकडं याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. माझ्या अंगावरून जाताना ते माझे शब्द घेऊन गेलं होतं.

सगळे गेले नव्हते, आणि त्याचीच पंचाईत झाली. सिस्टरनं माझं नाव विचारलं. मला सगळं समजत होतं. तोंड उघडलं तर खणखणीत "ॐ नमः शिवाय" बाहेर आलं. वय विचारलं. ॐ नमः शिवाय. काही दुखतंय का? ॐ नमः शिवाय. लहानपणापासून रोज पूजेला बसणारा मी, तेवढी एकच वाट उघडी राहिली होती. विजयला वाटलं बाप निघाला, म्हणूनच देवाचं नाव घेतोय. तो बाहेर जाऊन रडून आला.

शेजारच्या खाटेवर एक पोरगा पाय मोडून पडला होता. त्याची म्हातारी आजी दिवसभर माझ्याकडं बघायची. दुसऱ्या दिवशी ती उठली, माझ्या पायाला हात लावून दोन केळी ठेवून गेली. मग समोरच्या खाटेवरची बाई लेकीला घेऊन आली. लेकीचं लग्न जमत नव्हतं. मला सांगायचं होतं की मी भांडी विकतो, आणि जमलं तर दुकानाला या. मी काय म्हणालो ते सांगायला नको. ती समाधानानं गेली.

डॉक्टरांनी दोन बोटं दाखवून किती म्हणून विचारलं, तर मी एक, दोन, तीन करत निघालो आणि चोपन्नावर जाऊन दमलो. इंजेक्शनची सुई टोचली तेव्हा मात्र एक शिवी, वडिलोपार्जित, एकही अक्षर न गाळता बाहेर पडली. कमलनं पदर तोंडावर घेतला. डॉक्टर खूश झाले. ते म्हणाले की पाठ असलेलं आणि रागानं येणारं वेगळ्या रस्त्यानं येतं. नवं बोलायचा रस्ता तेवढा बंद आहे, तो हळूहळू करावा लागेल.

हसू येतंय ते आज. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली गेले होते तेव्हा मी मनातल्या मनात माझं नाव आठवून बघितलं. आलं नाही. हजारो भांड्यांवर मी लोकांची नावं घातली, सासरची, माहेरची, स्पेलिंग चुकलेली, सगळी. आणि माझं मला सापडेना. मी रडलो. कमल परत आली, तिनं माझा चेहरा पुसला आणि घाम आलाय समजून पंखा वाढवला. थंडीचे दिवस होते.

दोघांचं बोलणं

घरी सोडताना बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. तरुण पोरगी, पण हुशार. तिनं एकच गोष्ट बजावली. एकट्यानं बोलायला जाऊ नका, अडकाल. कुणाच्या तरी सुरात सूर मिळवून, एकाच वेळी, तेच वाक्य म्हणा. दुसऱ्याचा आवाज धरून तुमचा आवाज चालायला लागेल. रोज अर्धा तास.

घरात अर्धा तास कुणाला होता? विजयच्या गळ्यात दुकान पडलं होतं. तो माझ्यासमोर बसायचा, दोन शब्द म्हणायचा आणि मोबाईल वाजला की उठायचा. कमल आरती म्हणायची, मी तिच्यासोबत फाडफाड म्हणायचो, आरती संपली की आम्ही दोघंही पुन्हा गप्प. उलट भेटायला येणाऱ्यांशी कमलच माझ्या वतीनं बोलायची. मी तोंड उघडलं की ती वाक्य पुरं करायची. मला पाणी हवं असायचं, ती म्हणायची, ते म्हणायलेत तुमी लय बारीक झालाव. पाहुणा खूश, मी तहानलेला.

माझी नात गौरी आणि शेजारची सानिया दोघी चौथीत, ज्योतीच्याच वर्गात. ज्योतीनं वर्गासाठी एक वही केली होती, दोन आवाजांच्या कवितांची. पानाच्या मधोमध घडी. डावीकडच्या ओळी एकानं वाचायच्या, उजवीकडच्या दुसऱ्यानं, आणि घडीवर लिहिलेल्या ओळी दोघांनी एकदम. कविता ज्योतीनंच जुळवलेल्या. ती त्यांना कविता म्हणायची नाही, वाचायचे खेळ म्हणायची.

त्या दोघी आमच्या ओसरीवर सराव करत बसायच्या, आणि घडीवरची ओळ आली की माझे ओठ हलायचे. सानियाच्या ते ध्यानात आलं. तिनं गौरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या, वही माझ्या मांडीवर ठेवली, आणि मला सांगण्यात आलं की घडीवरचं सगळं तुमचं. मी बोललो. दोन पोरींच्या आवाजांच्या मध्ये माझा आवाज, घोगरा, लंगडा, पण शब्द बरोबर. पातेलं नाही, नमः शिवाय नाही. ज्योती दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज आला. भांडी सकाळीच घासलेली होती.

आठ दिवसांनी मला बढती मिळाली. गौरी म्हणाली, आता एकट्याच्या ओळी. आणि माझ्या वाट्याला म्हैस आली.

कविता बगळ्याची आणि म्हशीची होती. म्हैस पाण्यात बसलेली, बगळा तिच्या पाठीवर.

*बगळा: ऊन चढलं डोक्यावर.*
*म्हैस: चढू दे.*
*बगळा: पाय रुतले चिखलात.*
*म्हैस: रुतू दे.*
*बगळा: मालक आला काठी घेऊन.*
*म्हैस: येऊ दे.*
*दोघं: पाणी गार, माशा फार,*
*बसू इथंच घटका चार.*

दोन दोन शब्द, पण घाम फुटला. पहिल्या दिवशी म्हशीच्या तोंडून ताट, झारा आणि पुन्हा एकदा पातेलं निघालं. गौरी मास्तरीण कडक. ती छडी घेत नव्हती एवढंच. चुकलं की म्हणायची, "आप्पा, म्हैस असं बोलत न्हाई. परत." सानिया जरा मवाळ. ती माझा शब्द येईपर्यंत पंख पसरून बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायची. ती पडायच्या आत बोलायचं, असा माझा नेम झाला.

पंधरा दिवसांत म्हैस माझ्या अंगात भिनली. कमल म्हणाली, तुमचा चहा गार व्हायलाय. मी म्हणालो, "येऊ दे." कुणीतरी सांगितलं, कबुतराच्या रक्तानं मालीश करा. मी म्हणालो, "चढू दे." त्याचा अर्थ काय लावायचा ते त्यांचं त्यांनी बघावं. पण शब्द कवितेतलेच होते. पाठ झालेले. मला भीती वाटायची की नमः शिवायच्या जागी आता म्हैस बसली, एवढाच फरक पडला.

मग एक दिवस जेवताना विजयनं हळूच विषय काढला. बरेच दिवस तो माझ्यापासून दुकानाच्या गोष्टी लपवत होता. बसस्टँडकडं दुसऱ्या कुणाचं तरी भांड्याचं नवं दुकान उघडायलंय, म्हणाला, लय मोठं.

मी भाकरी मोडत म्हणालो, "उघडू दे."

सगळे जेवत राहिले. ज्योतीचा घास हातातच राहिला. "आप्पा," ती म्हणाली, "उघडू दे कवितेत न्हाई."

खरंच नव्हतं. ते माझं होतं. पातेलं मागितल्यापासून अडीच महिन्यांनी मी स्वतः जुळवलेले पहिले दोन शब्द. कमल उठली आणि वाटीभर साखर घेऊन शेजारी वाटायला गेली. कशाची साखर म्हणून सानियाच्या आईनं, रेहानाभाभीनं विचारलं. कमल म्हणाली, बसस्टँडकडं दुसऱ्याचं दुकान उघडलं म्हणून. भाभीला आनंद नेमका कशाचा ते कळलं नाही. विजयला अजूनही पटलेलं नाही.

पेला

आता जे लिहितो ते लिहावंसं वाटत नाही, पण घरात असं माणूस असणाऱ्यांना हे माहीत पाहिजे.

चारठाण्याचं एक जुनं गिऱ्हाईक मला भेटायला घरी आलं. त्याच्या दोन्ही बहिणींची भांडी माझ्याकडूनच गेली होती, आता लेकीचं लग्न होतं. तो माझा सल्ला घ्यायला आला होता, पण विचारत होता कमलला. मी त्याच्यासमोर बसलेला, आणि तो म्हणत होता, यांना कळतंय का काही? मी सांगायला गेलो. पहिलं अक्षर तोंडात फिरत होतं तेवढ्यात कमलनं माझं वाक्य पुरं केलं, आणि चुकीचं केलं. मी पुन्हा तोंड उघडलं, तिनं पुन्हा पुरं केलं. मी हातातला स्टीलचा पेला भिंतीवर फेकला.

पेला भारी होता, आमच्याच दुकानातला. भिंतीला लागून तो अंगणभर घरंगळत गेला आणि थांबता थांबेना. तो गौरीच्या पायाशी जाऊन थांबला. ती शाळेतून येत होती. ती रडली नाही. माझ्याकडं बघून आत निघून गेली.

पाहुणा चहा न घेता उठला. कमल माझ्यासमोर बसली. तिचा आवाज अगदी खाली होता.

"तुमची वाचा गेली, हे समद्यांला दिसतंय," ती म्हणाली. "तीन महिने मी दोघांचं बोलायले. पाहुण्याला तुमच्या वतीनं, डॉक्टरला तुमच्या वतीनं, पोराला तुमच्या वतीनं. माझं सोताचं काय बोलायचं होतं ते मीच विसरले."

मला उत्तर देता येत नव्हतं, ते बरंच झालं. देता आलं असतं तर मी काहीतरी मूर्खासारखं बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी गौरी वही घेऊन आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सानिया एकटीच आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही आवाज तिनंच वाचले. मान डावीकडं, बगळा. मान उजवीकडं, जाड आवाजात म्हैस. वाचून झाल्यावर तिनं दाराकडं बोट केलं. पडद्याखाली गौरीचे पाय दिसत होते.

"आप्पा, तिला सॉरी म्हणा," सानिया म्हणाली. "ती त्याच्यासाठीच थांबलीय."

मी सगळा जीव गोळा केला. स आला. सा आला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "सांडशी."

पडद्यामागून फिस्स करून हसू आलं. गौरी बाहेर आली. ती अजून रागात होती, पण हसू दाबता येत नव्हतं. सांडशी चालेल, म्हणाली, पण एका अटीवर. आता तुमी बगळा. म्हैस मी होणार, मला आराम पाहिजे.

बगळ्याच्या ओळी लांब होत्या. मला तीन आठवडे लागले. मॅडमनं परभणीला ऐकलं आणि मला परत वाचायला लावलं. ही कोणती पद्धत म्हणून तिनं विचारलं. विजयनं सांगितलं की घरात दोन मास्तरणी आहेत, चौथीत शिकतात.

छत्री आणि काठी

पुढं एकदा शाळेची सहल चारठाण्याची देवळं बघायला गेली. गौरी, सानिया, ज्योती, सगळ्या दिवसभर बाहेर. विजय दुकानात. घरात मी आणि कमल. जाताना गौरीनं बजावलं होतं की खाडा चालणार नाही, आजीसोबत वाचा. कमलनं मान डोलावली, आणि दुपारपर्यंत ती कामं काढत राहिली. आधी डाळ निवडली, मग निवडलेली डाळ परत निवडली.

शेवटी मी वही उचलून तिच्यापुढं धरली. तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. मग मला कळलं. कमल पिंगळीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, त्यानंतर तिनं मोठ्यानं कधी काही वाचलंच नव्हतं. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, सगळं मनातल्या मनात. पस्तीस वर्षं घरात मोठ्यानं जे काही झालं ते माझं.

"तुमी हसाल," ती म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हणालो. मला कोण हसत होतं तीन-चार महिने, आणि कोण नाही, हे मला पाठ होतं. ती कधी हसली नव्हती.

छत्री-काठीच्या कवितेत तिनं छत्री निवडली, मला काठी दिली. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या दोघींचं भांडण होतं. ती बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत निघाली. "मला... को... कोणी... ने-त... नाही." मी माझी ओळ घेतली. "मला... रोज... नेतात... पण... चिख... चिखलात." तिच्याच वेगानं. जोडाक्षर आलं की ती अडायची, तीन शब्द एकदम आले की मी अडायचो. एका पानाला पाव तास लागला असेल.

आणि मध्येच माझ्या लक्षात आलं. मी एका शब्दावर अडकलो होतो, चांगलाच, आणि कमल काही बोलली नव्हती. तिचं बोट खालच्या ओळीवर होतं. ती तिची ओळ आधीच मनात जुळवून बघत होती, ओठ हलवत. माझं वाक्य पुरं करायला तिला सवड नव्हती. मी ते माझं मी पुरं केलं. मग तिनं तिचं केलं.

शेवटची ओळ दोघींनी एकदम म्हणायची होती. छत्री आणि काठी दोघी बायका, त्याला माझा इलाज नव्हता. आम्ही एकमेकांकडं बघून श्वास घेतला आणि म्हणालो,

*"कोपऱ्यात बसून बसून वैताग आलाय गं बाई!"*

कमलला हसू फुटलं. वही हलायला लागली. पुन्हा एकदा म्हणू, अशी तिनं बोटानं खूण केली, आणि आम्ही अजून मोठ्यानं म्हणालो. तेवढ्यात भिंतीवरून रेहानाभाभीचं डोकं वर आलं. त्यांनी माझा आवाज ऐकला होता. आप्पा कुणाला बाई म्हणायलेत, भांडण झालं का, डॉक्टरला फोन लावू का, असं त्या घाबरून विचारायला लागल्या.

मी तोंड उघडलं, कमलकडं बघितलं आणि मिटलं. पण कमल माझ्या वतीनं काही सांगायला गेली नाही. तिनं पानावरचं बोट उचललं नाही, मानही वर केली नाही.

"थांब जरा भाभी," ती म्हणाली. "वाचायलोत आमी. आता माझी बारी हाय."